अर्धलीचा पियानो

पियानो बघायला गेल्यावर बाई त्याच्या पुढ्यात लगेच बसत नसत. आधी मागच्या बाजूला जायच्या, भिंत आणि पियानो यांच्या फटीत डोकं घालून वास घ्यायच्या. मग लाकडावर बोटांनी टकटक, मग खाली वाकून पेडलची पाहणी, आणि सगळ्यात शेवटी झाकण उघडून पट्ट्यांवरून एक नजर. घरमालक चहाचा कप घेऊन शेजारी उभा असायचा. बाई कमरेवर हात ठेवून त्याला सांगायच्या, दात पूर्ण हायत, पण पोटात वाळवी हाय, ह्येला मी न्हेत न्हाय. मालकाचा चेहरा उतरायचा. कॉलेजच्या संगीत विभागाच्या प्रमुख येणार म्हणजे काहीतरी वाजवून दाखवतील, अशी त्याची समजूत असायची. बाईंनी जनावरांच्या बाजारात बैल बघावा तसा त्याचा पियानो बघितलेला असायचा.

बारामतीतल्या एका कॉलेजात बाई संगीत विभाग चालवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली तबला शिकवायचो. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे, सुटी लागली की घरी, आणि दर वर्षी नवं नेमणूक पत्र निघेपर्यंत जीव टांगणीला. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं, पण बाईंनी पहिल्या दिवसापासून मला 'मास्तर' केलं आणि अहोजाहो लावलं. मला आधी वाटलं थट्टा करतात. नंतर कळलं, त्या शिपायालाही अहो म्हणायच्या आणि प्राचार्यांना कधीकधी अरे म्हणायच्या, कारण प्राचार्य शाळेत त्यांच्यामागं दोन इयत्ता होते.

बाई इंदापूरच्या. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं माझं माहेर आणि सासर दोन्ही इंदापूरच, असं सांगायच्या. वडिलांची डाळिंबाची बाग होती. पेटी गावातल्या भजनी मंडळात शिकल्या आणि पियानो शिकल्या नोकरी लागल्यावर, दर रविवारी एस.टी.नं पुण्याला जाऊन. अंगात सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये कंगव्याच्या जागी पोलादी स्वरकाटा. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायच्या आणि भोवतालच्या वस्तूंचे सूर तपासायच्या. भिगवण रस्त्यावर एक रसवंती होती, तिची घुंगरं काळी दोनला आहेत म्हणून बाई मुद्दाम तिथंच रस प्यायच्या. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य तावातावानं बोलत असताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या की पंखा पांढरी चारला आहे, प्राचार्य जरासे वर चाललेत. मी हसू दाबताना खोकलो आणि नंतर त्यांनी मला खडीसाखर दिली.

त्यांच्या बोलण्याचीही दोन घराणी होती. खुर्चीत बसल्या की पुस्तकातलं बोलायच्या, कुणाच्या ओसरीवर बसल्या की इंदापूरचं.

आमच्या विभागात कॉलेजनं विकत घेतलेलं असं फारसं काही नव्हतं. दोन पेट्या भजनी मंडळांकडून मागून आणलेल्या, तंबोरा एका निवृत्त मुख्याध्यापकांचा, ढोलकी एका तमासगिराच्या विधवेची. प्रत्येक वाद्याच्या आत मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असायची. मी एकदा म्हटलं, बाई, आपण मागणी अर्ज का करत नाही? त्या म्हणाल्या, "विकत आणलेल्या पेटीला आपण कुलूप लावतो, मास्तर. मागून आणलेली रोज वाजवावी लागते. मालक कधी येऊन विचारील सांगता येत नाही." आणि खरोखर, त्या तमासगिराच्या घरच्या मावशी महिन्यातून एकदा येऊन ढोलकी मांडीवर घेऊन बसायच्या. बाई त्या वेळेला तास बंद ठेवायच्या.

पियानोचं प्रकरण निघालं ते पदवीच्या वर्गापायी. बाईंच्या मनात आलं की आपल्या भागातल्या मुलांनी पियानोत पदवी का घेऊ नये. विद्यापीठ म्हणालं, घ्या की, पण तपासणी समिती येईल तेव्हा संस्थेत एक खरा पियानो चालू स्थितीत दिसला पाहिजे. कॉलेजनं एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन दिला आणि वर म्हटलं, आवाज तोच येतो. बाईंनी कीबोर्ड टेबलावर ठेवला आणि त्यावर हजेरीपटाचे गठ्ठे रचले. मग पुण्यातल्या एका दुकानाला भाड्यानं पियानो देता का म्हणून फोन केला. दुकानदार म्हणाला, देतो, पण खोली वातानुकूलित हवी आणि जागा पुणे शहरात हवी, बारामतीला धूळ फार असते. बाई म्हणाल्या, धूळ तर आमच्याकडं चांगलीच मिळते, आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर त्या दोन तालुक्यांत घरोघरचे पियानो शोधत फिरू लागल्या. मिळाले फक्त तीन. एका जुन्या बंगल्यातला वाळवीनं खाल्लेला. एका मंगल कार्यालयातला, नवरानवरीच्या फोटोसाठी ठेवलेला, त्याला मालकानं सोनेरी रंग मारून घेतला होता आणि रंगाऱ्यानं पट्ट्यांसकट मारला होता. तिसरा डाळजला.

डाळज भिगवणच्या पुढं, सोलापूर हायवेला लागून. तिथं एक तात्या होते, सत्तरीच्या पुढचे, धोतर-टोपीतले. गावातल्या चारचौघांसारखेच, पण स्वतःच्या घरातही दारावर टकटक केल्याशिवाय आत जायचे नाहीत. तीस वर्षं त्यांनी पुण्यात एका पारशी बाईंच्या बंगल्यावर स्वयंपाकी म्हणून काढली होती. त्या बाईंना मागंपुढं कुणी नव्हतं. जाताना त्यांनी बंगला ट्रस्टला दिला आणि पियानो तात्यांना, कारण तीस वर्षं तो रोज तात्यांनीच पुसला होता. तात्यांनी तो ट्रकनं गावी आणला. पियानोवर काही ठेवायचं नाही असा त्यांचा दंडक होता, त्यामुळं घरातला टीव्ही फ्रिजवर आणि फुलदाणी टीव्हीवर. सून वैतागलेली होती. नातवंडांना तर हात लावायचीच बंदी.

बाई तीन वेळा गेल्या. पहिल्या खेपेला तात्यांनी लांबून बघू दिलं. दुसऱ्या खेपेला झाकण उघडलं. भाड्यानं द्या म्हटलं की कानावर हात ठेवायचे. मालकिणीची वस्तू भाड्यानं द्यायला मी काय मांडववाला हाय का, म्हणायचे. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं, आणि बाई उठता उठता म्हणाल्या, "तात्या, अर्धलीनं देता का?"

आमच्याकडं ज्याच्याजवळ जनावर आहे पण सांभाळायला माणूस नाही, तो ते जनावर ज्याच्याजवळ माणूस आहे पण जनावर नाही त्याला अर्धलीनं देतो. सांभाळायचं, चारापाणी करायचं पाळणाऱ्यानं. मालकी बदलत नाही. वासरं होतील त्यात एक मालकाचं, एक पाळणाऱ्याचं. आणि जनावराला काही झालं तर पाळणाऱ्यानं स्वतःच्या पायानं मालकाच्या दारात जाऊन सांगायचं, निरोप धाडायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नसतं, पण कुणाला सांगावंही लागत नाही.

तात्या हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, ह्येला वासरं कुठली व्हत्यात? बाई म्हणाल्या, पोरं शिकून भाईर पडत्याल ती वासरं. एक माझं, एक तुमचं. तात्यांनी बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं आणि एकच अट घातली, की पुसायला मी येणार. दर गुरुवारी, बाजारला आलो की.

पियानो पिकअपमधून आला. गाद्यांमध्ये बसवलेला, आणि मागं बाई स्वतः त्याला हात लावून उभ्या. कॉलेजात करारनामा लागणार होता म्हणून बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी तो कागद चार दिवस टेबलावर ठेवला आणि मग भीत भीत विचारलं की 'उत्पत्तीचा निम्मा भाग मालकाचा' याची नोंद कुठल्या रजिस्टरला घ्यायची. बाई म्हणाल्या, विद्यार्थ्यांच्या.

तात्या दर गुरुवारी साडेदहाला यायचे. पिशवीतून मलमलीचं फडकं काढायचे आणि खालून वर पुसायला लागायचे. वरून खाली पुसलेलं मालकिणीला खपायचं नाही म्हणे. त्या वर्षी सहा मुलं पियानो शिकायला बसली होती. पदवीला मान्यता मिळेल या भरवशावर त्यांनी वर्षभर नुसतंच शिकून घ्यायचं ठरवलं होतं. त्यांतली सोमेश्वरनगरची एक मुलगी फार तयारीची होती. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. तिनं पुण्यातला इंजिनीअरिंगचा प्रवेश सोडला होता आणि घरात त्यावरून महिनाभर कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. बाईंनी त्या घरी जाऊन शब्द दिला होता की जूनमध्ये समिती येईल आणि वर्ग सुरू होईल. तो शब्द बाई डोक्यावर घेऊन वावरायच्या. कॅलेंडरवर जूनचं पान जानेवारीपासूनच दुमडून ठेवलेलं होतं.

एका गुरुवारी बाई तात्यांना म्हणाल्या, तात्या, तुमच्या वाट्याचं पोरगं अजून आलं न्हाय, कुणाला धाडताय? तात्या फडकं फिरवत राहिले. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी पुसून झाल्यावर फडक्याची घडी घालता घालता म्हणाले, मीच आलो तर चालंल का.

मालकीण रोज संध्याकाळी एकच धून वाजवायची. तात्या त्या वेळी स्वयंपाकघरात असायचे. तीस वर्षं ती धून त्यांनी दाराआडून ऐकली होती, ती वाजत असताना त्या खोलीत एकदाही उभे राहिले नव्हते. नाव माहीत नव्हतं, सूर पाठ होते. ते गुणगुणायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. मध्ये एका जागी मात्र ते थांबायचे. बाई विचारायच्या, हितं काय? तात्या म्हणायचे, "हितं मी चहा न्यायला कपबशा काढायचो. आवाजात ऐकू यायाचं न्हाय." बाईंना तेवढा तुकडा सहज रचता आला असता. त्यांनी रचला नाही. तिथं त्यांनी तात्यांना आठ मात्रा हात मांडीवर ठेवून बसायला शिकवलं. तवा धरून धरून राठ झालेली ती बोटं पट्टी दाबायच्या आधी तिच्यावर चाचपडायची, आणि आठ मात्रांच्या वेळी मात्र तात्या अगदी निवांत बसलेले असायचे.

आता माझ्या चुकीकडं येतो.

मे महिन्यात सुटी लागली. बाईंच्या आईला बरं नव्हतं म्हणून त्या इंदापूरला जाऊन राहिल्या. जाताना मला बजावून गेल्या की आपल्या खोलीवर पत्रा आहे, उन्हानं लाकूड तडकेल, तेव्हा पियानोच्या शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा आणि रोज बघत जा. मी बादली ठेवली. पण मी पणदऱ्याचा. गावात सगळे ऊस लावायचे, आमचे वडील तेवढे मेथी-कोथिंबीर करायचे. उन्हाळ्यात माल ताजा ठेवायचा तर त्यावर ओलं गोणपाट टाकतात, हे मी चालायला लागल्यापासून पाहिलेलं. मनात आलं, नुसत्या बादलीनं काय होणार? घरून दोन स्वच्छ गोणपाटं आणली, भिजवून पिळली आणि पियानोवर पसरली. सात दिवस रोज सकाळी जाऊन ती पुन्हा ओली केली. खोलीत शिरल्यावर गार वाटायचं आणि मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

आठव्या दिवशी बाई आल्या. दारातूनच गोणपाट बघितलं आणि पर्स खाली ठेवली. वरच्या झाकणाच्या फटीतून पाणी आत उतरलं होतं. मधल्या नऊ पट्ट्या दाबल्या की खाली जायच्या आणि तिथंच बसायच्या. बाईंनी खिडक्या उघडल्या, गोणपाटं घडी करून बाहेर ठेवली, आणि पुण्याच्या कारागिराला फोन लावला.

कारागीर दुसऱ्या दिवशी आला. त्यानं आतून सगळं तपासलं आणि म्हणाला की तारा वाचल्या आहेत, लाकूड फुगलं आहे. सावकाश वाळू दिलं तर तीन-चार महिन्यांत पट्ट्या आपोआप मोकळ्या होतील. घाई असेल तर कडा घासून देतो, संध्याकाळपर्यंत वाजतील. पण नंतर लाकूड वाळलं की फटी पडणार आणि हा पियानो जन्मभर खडखडत राहणार. समिती यायला आठ दिवस होते.

प्राचार्य म्हणाले, घासा. यात विचार करण्यासारखं काय आहे? मुलंही तेच म्हणत होती. सोमेश्वरनगरची ती मुलगी बाईंच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घासून टाका ना बाई. माझं वर्ष जाईल." बाईंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "आपल्या दारातून आत जाईना म्हणून दुसऱ्याच्या म्हशीची शिंगं कापायची नसतात गं. त्यांना विचारून येते." मुलीनं हात सोडवून घेतला.

डाळजला फोन होता, पण बाईंनी तो केला नाही. आम्ही एस.टी.नं भिगवणला उतरलो आणि तिथून वडापच्या जीपनं गेलो. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. तात्या, चूक माझी आहे, बाईंनी बादली ठेवायला सांगितली होती, गोणपाट मी टाकलं. एवढंच बोलायचं होतं. तात्यांनी पाणी दिलं, समोर बसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तात्या, माझ्या हातनं चूक झाली. ओल्या गोणपाटानं पियानो फुगलाय. मधल्या नऊ पट्ट्या बसल्यात."

मी खाली बघितलं. तात्यांनीही खाली बघितलं. मग त्यांनी विचारलं, पोरांचं काय? बाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या, घासायची आणि थांबायची, कशात कुणाचं काय जातं ते काही न लपवता सांगितलं. म्हणाल्या, जनावर तुमचं हाय, तुमी सांगा. तात्या जमिनीकडंच बघत म्हणाले, अर्धलीत पाळणाऱ्यानं ठरवायचं असतं, मी काय सांगू. बाई म्हणाल्या, मग मी न्हाय घासत.

परतताना मी विचारलं की तुम्ही स्वतःवर का घेतलंत. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, अर्धल माझ्या नावावर आहे, मास्तर, तुमच्या नाही. आणि तुमचं यंदाचं नेमणूक पत्र अजून निघायचंय. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं याची लाज मला अजून वाटते.

समितीत तिघं होते. प्राचार्यांनी पियानोवर हार घातला होता आणि मुलांना सांगून ठेवलं होतं की वाजवायची वेळ आली तर मधल्या पट्ट्या सोडून वरच्या अंगाला वाजवा. त्या मुलीनं तसंच वाजवलं, आणि इतकं सुरेख वाजवलं की समितीचे अध्यक्ष, स्वतः गाणारे गृहस्थ, मान डोलवायला लागले. त्यांनी पेन काढलं. 'वाद्य चालू स्थितीत' या ओळीवर पेन आलं, आणि बाई उठल्या. म्हणाल्या, "थांबा. मधल्या नऊ पट्ट्या बंद आहेत." मग पियानोपाशी जाऊन त्या नऊ पट्ट्या एकेक करून दाबून दाखवल्या. नुसता लाकडाचा ठक ठक आवाज आला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी विचारलं, बाई, तुम्ही सांगितलं नसतं तर? बाई म्हणाल्या, तर मुलांना काय शिकवलं असं झालं असतं?

मान्यता मिळाली नाही. पुढच्या वर्षी मिळाली, हे आताच सांगून टाकतो, पण त्या सहांपैकी तोवर दोनच उरले होते. सोमेश्वरनगरच्या मुलीनं पुण्यात दुसरीकडं प्रवेश घेतला. जाताना ती सगळ्यांना भेटली, बाईंना भेटली नाही. तिची वही राहिली होती, ती बाईंनी कपाटात ठेवली. मी एकदा म्हटलं, पोस्टानं पाठवून देऊ. म्हणाल्या, राहू दे, येईल कधी तर लागेल. नाही आली.

बाई पूर्वीसारख्याच वागायच्या. स्वरकाटा आपटायच्या, रस प्यायच्या, अधीक्षकांना छळायच्या. फक्त तास संपल्यावर त्या पियानोपाशी एकट्याच बसून राहायला लागल्या आणि कुणी आलं की लगेच उठायच्या.

आमच्या भागात पाऊस बेताचाच, त्यामुळं लाकूड वाळत गेलं. तात्यांचे गुरुवार चालूच होते. आधी पुसायचे, मग त्या नऊ पट्ट्या एकेक बोटानं हळूच दाबून बघायचे. जुलैच्या शेवटी पहिली सुटली. त्या दिवशी त्यांनी बाजारातून पेढे आणले. मग दोन-तीन आठवड्यांनी एखादी, कधी दोन. दसरा झाल्यावर शेवटची उरलेली पट्टी एका गुरुवारी त्यांच्या बोटाखाली खाली गेली आणि आवाज करून वर आली. तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले आणि मालकिणीची धून त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. चुकत, थांबत, पण सगळी. बाई तेव्हा कार्यालयात गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

धून संपली आणि मला आतून काहीतरी असह्य झालं. मी म्हटलं, "तात्या, ते गोणपाट मी टाकलं होतं. बाई तेव्हा इंदापूरला होत्या."

तात्या म्हणाले, "ठावं हाय मला."

मग ते पट्ट्यांकडं बघत सावकाश बोलायला लागले. "सुटीतल्या त्या गुरुवारी मी आल्तो. तुमी घरी गेल्ता. शिपायानं दार उघडून दिलं. बघतो तर गोणपाट वाळत आलेलं. बादली तितंच व्हती. मला वाटलं, मास्तर शिकल्याला माणूस, त्येनं टाकलंय म्हंजी बरूबर आसंल. मी बी दोन तांबे वतलं." त्यांनी दोन्ही तळहात धोतराला पुसले. "तीस वर्सं पुसला त्येला. थेंब लागू दिला न्हाय. आन बाई घरी यिऊन म्हनल्या माझ्या हातनं झालं, तवा माझी जीभच उचलंना."

तेवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात कार्यालयातले कागद. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. तात्या गडबडीनं उठले आणि हात जोडायला लागले. बाईंनी ते जोडलेले हात खाली केले आणि पहिल्या बाकावर, मुलांच्या जागेवर, बसल्या. कागद मांडीवर ठेवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. डोळे भरून वाहत होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

म्हणाल्या, "बरं झालं दोघांनी सांगितलं. सहा पोरांचं वरीस माझ्या एकटीच्या नावावर व्हतं. लई जड जात व्हतं."